एजंटला शोधू द्या, पत्ता स्वतः तपासा

जुळे सोलापुरात बसून एआय एजंट बनवणाऱ्या मित्रांनो, डीफाय प्रोटोकॉल, म्हणजे बँकेशिवाय ब्लॉकचेनवर चालणाऱ्या आर्थिक सेवा, शोधायला एजंटला मोकळ्या वेब-सर्चवर सोडू नका. तिथे हुबेहूब नावाच्या बनावट साइट जाहिरात देऊन वर येतात आणि एजंट त्यांना खरं धरून चालू शकतो. त्याऐवजी डीफायलामा या डीफायची आकडेवारी गोळा करणाऱ्या साइटची मोफत एपीआय, म्हणजे प्रोग्रामला थेट डेटा घ्यायची सोय, जोडा. नाव, चेन (कोणत्या ब्लॉकचेनवर आहे ते), प्रकार, जमा रक्कम म्हणजे टीव्हीएल, सगळं एकत्र मिळतं.

टीव्हीएल मोठा म्हणजे सुरक्षित असं नाही. मार्च २०२३ मध्ये कोडचं ऑडिट झालेल्या ऑयलर या कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमधून सुमारे १९.७ कोटी डॉलर चोरीला गेले होते. पुढे बरेचसे परत आले, पण दरवेळी तसं होत नाही.

सर्वांत महत्त्वाचं, कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोटोकॉलच्या प्रोग्रामचा, पत्ता. तो प्रोटोकॉलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या आणि इथरस्कॅन या इथेरियम ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर कोड व्हेरिफाइड, म्हणजे जाहीर करून जुळवलेला, आहे का ते बघा. इथेरियमचा पत्ता सुरुवातीचा शून्य-एक्स धरून ४२ अक्षरांचा असतो. भामटे सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं जुळवून पत्ते तयार करतात, म्हणून मधलीही ताडून पाहाच.

एजंटला फक्त वाचायची परवानगी द्या. वॉलेटची प्रायव्हेट की, म्हणजे पैसे हलवू देणारी गुप्त किल्ली, त्याला कधीच देऊ नका. व्यवहारावर सही तुम्हीच करा.