केसपेपर कपाटात राहतो, पेशंट घरी

दवाखाना सुरू करून सहाएक महिने झाले होते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणारे एक काका चार महिन्यांनी उगवले, ते पायाला जखम घेऊनच. उपाशीपोटी साखर २८०. "गोळ्या संपल्या, बरं वाटत हुतं, म्हणून आलो न्हाई ओ डॉक्टर." त्यांचा केसपेपर कपाटात जागच्या जागी होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'एक महिन्याने' लिहिलेलं होतं. ते विसरले, हे मी समजू शकतो. पण ते आले नाहीत हे चार महिने मलाही कळलं नाही, ही गोष्ट मला फार लागली.

कोल्हापुरात, किंवा अशाच कुठल्या गावात, फॅमिली प्रॅक्टिस सुरू करणारे नवीन डॉक्टर मला विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, अ‍ॅप काढू का. मी त्यांना या काकांचीच गोष्ट सांगतो. मी पहिल्यांदा केलं ते एवढंच: कॉम्प्युटरवर एक तक्ता. नाव, गल्ली, मोबाईल, आजार, चालू औषध, पुढची तारीख. रोज सकाळी तारीख उलटून गेलेली नावं वर येतात आणि आमच्या रिसेप्शनच्या ताई त्यांना फोन लावतात. नुसत्या मेसेजनं काम होत नाही. "आज्जी, गोळ्या किती उरल्यात?" असं कुणीतरी विचारावं लागतं. तीन महिन्यांत मला फरक दिसला. सुटलेले पेशंट परत आले, आणि येताना शेजारच्यांना घेऊन आले.

वर्गणीची कल्पना त्यातून सुचली. अमेरिकेत काही डॉक्टर दरमहा ठरलेली रक्कम थेट पेशंटकडून घेतात, विमा कंपनी मध्ये नसते. आपल्याकडे ओपीडीत विमा कंपनी बहुतेक कधी नव्हतीच, पेशंट रोखच देतो. त्यामुळे इथला फायदा वेगळा आहे. दर वेळी फी पडणार म्हटलं की माणूस दुखणं अंगावर काढतो. घराची वर्षाची वर्गणी एकदाच भरली की तो लवकर येतो, फोन करतो. शिवाय तालमीची आणि गणपतीची वर्गणी भरणाऱ्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मात्र पावतीवर ठळक छापा: यात तपासणी आणि सल्ला आहे, औषधं, लॅब आणि अ‍ॅडमिट होण्याचा खर्च नाही. हे नीट न सांगितल्यामुळे एका घराला तो विमाच वाटला होता. त्यांच्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी ते माझ्याकडे ज्या आशेनं आले, ती आठवण अजून त्रास देते.

बीपीचं सांगतो, कारण घरच्या मशीनचा खरा उपयोग इथं होतो. मशीन घ्या म्हणून सांगून भागत नाही. मी दवाखान्यातच खुर्चीत बसवून शिकवतो: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. मग मिनिटभराच्या अंतरानं दोन रीडिंग. सात दिवस सकाळ-संध्याकाळ फोटो पाठवायचे. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ती वाढलेली समजायची. दवाखान्यात १५० दिसणाऱ्या किती तरी जणांचं घरी १२५ निघतं, आणि उलटंही होतं. दोन्हीकडे माझा निर्णय बदलतो.

व्हॉट्सअ‍ॅपनं मला एक मोठा धडा दिला. एका रात्री अकराला ग्लुकोमीटरचा फोटो आला होता, साखर ५४. मी झोपलो होतो, पाहिला सकाळी सहाला. बाईंनी नवऱ्याला साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पहिल्या भेटीतच सांगतो आणि लेखी देतो: मेसेज तातडीसाठी नाही, रात्री फोन करा, माणूस शुद्धीवर नसेल तर थेट १०८. साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, हा कागद मधुमेहाच्या प्रत्येक घरात असतो. दुसरी बारीक गोष्ट, ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा पाठवला जाणारा मेसेज ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचतो. म्हणून ताई नंबर तिथंच सेव्ह करून घेतात.

फोनवर औषध देणार असाल तर मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आधी वाचा. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक हवा, पेशंटची ओळख पटलेली हवी, आणि नशेच्या वर्गातली व शेड्यूल एक्समधली (कायद्यानं कडक नियंत्रण ठेवलेली) औषधं लिहिता येत नाहीत. जाहिरातीच्या भानगडीत पडू नका. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत मनाई आहे. गूगल मॅपवर पत्ता आणि वेळ बरोबर ठेवा, तेवढं पुरे. पेशंटना आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य नोंदींचा ओळख क्रमांक, काढून द्या, चौदा आकडी असतो, पुढे उपयोगी पडेल. आणि सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की माझी सगळी नोंद एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का. मी तो विचारला नव्हता. कंपनीनं सेवा बंद केली आणि चौदा महिन्यांच्या नोंदी ताईंनी आणि मी कागदावरून पुन्हा भरल्या.

त्या तक्त्याचं मोल जुलै २०२१ च्या महापुरात कळलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या खूप वर चाललं होतं. मी गल्लीच्या रकान्यावर यादी लावली. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, आणि त्यातून इन्सुलिनवाले वेगळे काढले. अकरा नावं निघाली. लाईट गेलेली, फ्रिज बंद. चालू बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, फक्त ऊन आणि उकाडा लागता कामा नये, हे एकेकाला फोनवर सांगितलं. बंद बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवायला सांगितल्या. एका आज्जींनी मात्र आपली बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवली होती. मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "तुमचा फोन येणार ठाव हुतं, म्हणून चार्जिंग राखून ठेवलंय."