दिवाळी अंकाचा मजकूर संपादित करताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये दिवाळी अंकाचे लेख हातात येऊ लागतात आणि पहिली चूक तिथेच होते. पहिलं पान उघडलं रे उघडलं, की आपण वेलांट्या सुधारायला बसतो. दोन तासांनी लक्षात येतं, की लेख खरा सुरू होतो तिसऱ्या पानावर. आधीचं सगळं काढावं लागतं आणि त्याबरोबर घेतलेली मेहनतही जाते. म्हणून पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. मग परिच्छेदांचा क्रम आणि राहून गेलेली माहिती बघा, लेखकाशी बोला, त्यानंतर वाक्यांना हात घाला. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. मुद्रितशोधन हे मोलाचं काम आहे, पण ते संपादन नव्हे.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो एकगठ्ठा बदल. लेखकाने सगळीकडे 'कवि' लिहिलंय, म्हणून फाइंड-रिप्लेस करून 'कवी' केलं. सुटा शब्द बरोबर झाला, पण 'कविता'ची 'कवीता' झाली आणि 'कविसंमेलन'ही बिघडलं, कारण समासातलं पहिलं पद तत्सम (संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं) आणि मुळात ऱ्हस्वान्त असेल, तर त्याचा शेवटचा इकार-उकार ऱ्हस्वच राहतो. 'गुरु'चं 'गुरू' करायला जावं, तर 'गुरुवार' चुकतो. एकेक जागा बघूनच बदल करा आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

याहून फसवी चूक जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होते. 'ऱ्या'चा कधी कधी 'र्या' होतो. लग्नाच्या आठवणीत 'आचाऱ्यांना जेवायला वाढलं' असं होतं, त्याचं 'आचार्यांना' झालं, तर स्वयंपाकी जाऊन गुरुजी पंगतीला बसतात. डोंगरातल्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, की सह्याद्रीत समुद्र येतो. स्पेलचेकर इथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: 'र्य' आणि 'र्ह' शोधायला लावा आणि प्रत्येक जागा मूळ प्रतीशी ताडून बघा. 'वऱ्हाड' आणि 'तऱ्हा' हमखास तिथेच सापडतात.

जुने उतारे 'शुद्ध' करू नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. त्याच नियमांत स्पष्ट म्हटलंय, की केशवसुतांपूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य मुळानुसार छापावं. म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीतला उतारा आला, तर त्यातले अनुस्वार खोडायचा अधिकार आपल्याला नाही.

बोलीचंही तसंच. मालवणी आजीच्या तोंडचं 'खंय गेल्लंस?' पुसून तिथे 'कुठे गेला होतास?' घातलं, तर आजीच नाहीशी होते. निवेदनातली प्रमाणभाषा तपासा, संवादाला हात लावू नका. बोलीतला शब्द अडला तर लेखकाला विचारा.

ही विचारण्याची सवय मला एका निवृत्त परिचारिकेच्या लेखामुळे लागली. आडगावातल्या बाळंतपणाच्या एका रात्रीबद्दल त्यांनी लिहिलं होतं. त्यात 'दिवे नव्हते' हे वाक्य तीनदा होतं. मी एक ठेवलं, दोन काढली. प्रत बघून त्यांचा फोन आला. पहिलं वाक्य त्यांनी स्वतःशी म्हटलं होतं, दुसरं बाळंतिणीच्या सासूला सांगितलं होतं आणि तिसरं पहाटे डॉक्टर आल्यावर. तीन माणसं, तीन वेळा. माझ्या खोडण्याने ती अख्खी रात्र एका ओळीत संपली होती. मी तिन्ही वाक्यं परत घातली आणि कोण कोणाशी बोलतंय तेवढं त्यांच्याकडून स्पष्ट करून घेतलं. आता पुनरुक्ती दिसली, की मी ती लगेच काढत नाही. पानाच्या कडेला 'हे मुद्दाम आहे का?' एवढंच लिहितो आणि प्रत लेखकाकडे पाठवतो.