शटडाउनला निघायच्या आधी: फिरत्या वेल्डरसाठी

शटडाउन म्हणजे देखभालीसाठी कारखाना काही दिवस बंद ठेवून करायचं काम. त्याचा ठेकेदार फोन करतो तेव्हा त्याला घाई असते. "परवा गेटवर पाहिजेस, बाकीचं आल्यावर बोलू." आल्यावर बोलायला काही उरत नाही. घरापासून हजार किलोमीटरवर, खिशात परतीचं भाडं नसताना दराची घासाघीस होत नसते. म्हणून जे ठरवायचं ते गाडीत बसायच्या आधी. मी वाळवा तालुक्यातला. साखर कारखान्यांच्या ऑफ-सीझनला हात बसला, मग जामनगर, पानिपत, पारादीप असा रिफायनऱ्यांच्या शटडाउनवर फिरत राहिलो. गावातली आयटीआय झालेली पोरं येऊन विचारतात, त्यांना सांगतो तेच इथं लिहितोय.

पहिला प्रश्न, हजेरी, म्हणजे एक रोज, किती तासांची? शटडाउनला बारा तासांची ड्यूटी धरूनच चाल. आठ तासांची एक हजेरी, बारा तासांची दीड, असा रिवाज पडलाय. कायद्यानं ओव्हरटाइमचा दर दुप्पट. म्हणजे वरच्या चार तासांचे पैसे आठ तासांचे, एकूण दोन हजेऱ्या व्हायला पाहिजेत. दोन देणारा ठेकेदार विरळा, पण हा हिशेब तुला येतो हे त्याला कळू दे. दर थोडा तरी वर सरकतो.

मग बाकीचं विचार. गेटपास व्हायला चार दिवस लागले, परमिट निघालं नाही, पाऊस लागला, तर बसून हजेरी मिळणार का? खोली त्याची की आपली? जेवण मेसमध्ये की खुराकी रोख? जायचं-यायचं भाडं कोण देणार? आणि कामावर घ्यायच्या आधीच्या वेल्डिंग टेस्टमध्ये फेल झालो तर परतीचं तिकीट कुणाचं? हा शेवटचा प्रश्न विचारायला पोरं लाजतात. निघताना फेल व्हायचं बोलणं अशुभ वाटतं म्हणे. विचार बिनधास्त.

हजेरीऐवजी इंच-डायावर, म्हणजे पाइपच्या इंची मापावर मोजून काम असेल तर हिशेब वेगळा. सहा इंची पाइपचा एक जॉइंट म्हणजे सहा इंच-डाया. ऐकायला सोपं, पण त्याच सहा इंची पाइपची भिंत जाड असली की भराई दुप्पट-तिप्पट लागते, त्यामुळे जाडीप्रमाणे दर बदलतो का ते आधी विचार. जॉइंटच्या एक्स-रे फिल्ममध्ये रिपेअर निघाली तर ती फुकट करून द्यावी लागते, ते मान्य. पण फिटरनं अलाइनमेंट चुकवलेली असेल तर ती रिपेअर तुझ्या नावावर चढू देऊ नको. फिट-अप, म्हणजे पाइपांची जुळणी, बघूनच आर्क मार.

फोन ठेवला की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून टाक, "भाऊ, ठरल्याप्रमाणे हजेरी इतकी, खोली तुमची, भाडं दोन्हीकडचं तुमचं, परवा निघतो." समोरून नुसता अंगठा आला तरी पुरे. उचल मात्र मोठी घेऊ नको. घरात अडचण असेल तर तिकिटापुरती घे. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याला साइट कितीही वाईट निघाली तरी तिथून हलता येत नाही.

कागदांपाशीच बहुतेकांचं घोडं अडतं. आधार, बँक पासबुक, आयटीआयचं सर्टिफिकेट, पोलीस पडताळणी, मेडिकल, आठ-दहा फोटो आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे. आधारवर दत्तात्रय आणि पीएफला दत्तात्रेय असेल तर सुरक्षा ऑफिसातला माणूस आठवडा खातो. बॉयलरच्या प्रेशर पार्टवर हात लावायचा तर आयबीआरचं, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांखालचं, वेल्डर सर्टिफिकेट लागतं, ते आपल्याकडे बाष्पके संचालनालयाकडून मिळतं. त्याची मुदत दोन वर्षं. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेव.

आता टेस्ट. 6जी म्हणजे पाइप 45 अंशांत जाम केलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला थर, टिगनं (आर्गॉन वायूच्या वेल्डिंगनं) आणि वर 7018 नंबरची रॉड, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. बसल्या बसल्या आर्क मारू नको. आधी टॅकची, म्हणजे पाइप जुळवून धरणाऱ्या छोट्या टाक्यांची, दोन्ही टोकं ग्राइंडरनं उतरती पातळ करून घे, नाहीतर रूट टॅकला जुळतो तिथंच आत भेग राहते. दोन पाइपांमधली गॅप वायरनंच मोज, 2.4 मिमीची फिलर वायर त्यातून किंचित सैल सरकली पाहिजे. भंगारातल्या तुकड्यावर अँपिअर बघून घे, मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नको. घड्याळातल्या सहाच्या जागेपासून सुरू करून दोन्ही बाजूंनी बाराला ये. खालच्या बाजूला वितळलेला रस वजनानं बाहेर उतरतो आणि पाइपच्या आतून खड्डा पडतो. तिथं वायर गॅपमधून जराशी आत ढकलून धरायची, घाई करायची नाही. रूट झाला की इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन पाइपात डोकावतो. त्याची पहिली नजर सहाच्याच जागेवर जाते.

7018 ची रॉड ओव्हनमधलीच माग. ती साधारण 300 ते 350 अंशांवर भाजून, मग गरम क्विव्हरमध्ये (रॉड गरम ठेवायच्या डब्यात) ठेवलेली असावी लागते. उघड्या पाकिटातली दमट रॉड घेतलीस तर पोरोसिटी, म्हणजे जोडात बारीक भोकं, येते, वर हायड्रोजननं नंतर तडा जातो तो वेगळाच. टेस्टला रॉड मागितली म्हणून कुणी रागावत नाही. उलट फोरमनला कळतं, गडी कामातला आहे.

बॅगेत स्वतःचं हेल्मेट, 10 आणि 11 नंबरच्या काचा, चामडी हातमोजे-बाह्या आणि सुती कपडे. टेरिकॉट नको, ठिणगी पडली की अंगाला चिकटतं. स्टेनलेससाठी वायर ब्रश वेगळा ठेव, काळ्या लोखंडाला लावलेला त्यावर चालत नाही. ग्राइंडर घरी राहू दे. बाहेरचं इलेक्ट्रिक हत्यार तपासणीचं स्टिकर नसेल तर गेटवरच अडकतं.

वेल्डरनं दूध-गूळ खाल्ला की धूर उतरतो, असं सगळीकडे सांगतात. दूध पी, पण धूर त्यानं उतरत नाही. तो फुफ्फुसात जातो, पोटात नाही. मास्क लाव, ब्लोअर माग. पर्जिंग, म्हणजे आतली हवा काढायला आर्गॉन सोडणं, चालू असलेल्या पाइपात किंवा व्हेसलमध्ये (बंद टाकीत) डोकं घालायचं नाही, म्हणजे नाही. आर्गॉनला वास नाही, तो हवेपेक्षा जड, तळाशी साठतो, आणि माणूस चक्कर आल्याचं कळायच्या आत पडतो. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय आत उतरू नको. ठेकेदार कितीही ओरडू दे.

नवा असशील तर एकदम रिफायनरी धरू नको. गळीत हंगाम संपला की कारखाने उघडून ठेवतात आणि ऑक्टोबरपर्यंत ट्यूब, पाइप, टाक्या, ऊस वाहून नेणारे कॅरियर असलं काम पडलेलं असतं. चूक सांभाळून घेणारा मिस्त्री तिथं भेटतो. ऊस पिळणाऱ्या रोलरचं आर्किंग मात्र लांबूनच बघ. मिल चालू, रोलर फिरतोय, पायाखाली रस, आणि ऊस पकडावा म्हणून दातांवर रॉडचे खडबडीत ठिपके टाकायचे. ती माणसं वेगळी.

आखाताचं कुणी बोललं तर एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर बघ. व्हिजिट व्हिसावर "तिथं गेल्यावर बदलून देतो" म्हणाला तर उठून ये.

काम संपायच्या दोन दिवस आधीपासून फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, मागे लाग. शटडाउन संपला की साइट ऑफिस रातोरात रिकामं होतं आणि फोन उचलणारा कुणी राहत नाही. रोज संध्याकाळी हजेरी कार्डाचा फोटो काढलेला असेल तर वाद दोन मिनिटांत मिटतो. वेल्डर क्वालिफिकेशनची झेरॉक्स आणि अनुभवाचं पत्र तिथंच घे, नंतर पोस्टानं येत नाही. पीएफ कापला असेल तर तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. 20 तारखेला उमंग या सरकारी अॅपवर पीएफचं पासबुक उघडून बघ. नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो म्हणाला तर जुना नंबर पुढे कर, नाहीतर पैसे चार खात्यांत विखुरतात आणि काढताना इंग्रजी फॉर्म भरत बसावं लागतं.