सरकार पक्षाचा पुरावा पुन्हा उघडायचाय? ३११ च्या अर्जात या चुका टाळा

पुरावा संपल्याची पुरसिस (कोर्टाला द्यायची लेखी सूचना) दिली, आर्ग्युमेंट झाली, केस निकालावर ठेवली आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, तो साक्षीदार राहिलाच की. मग घाईघाईत कलम ३११ खाली, म्हणजे राहिलेला साक्षीदार बोलवायचा, अर्ज टाईप होतो आणि त्यात त्याच त्या चुका.

आधी ज्युरीचं डोक्यातून काढा. एका ज्युनिअरने इंग्लंडच्या १९५२ च्या ओवेन केसवर छान नोट काढून आणली होती, ज्युरी विचाराला आत गेली की नवा पुरावा नाही म्हणजे नाही. असेल, पण आपल्याकडे ज्युरी आहे कुठे? नानावटी खटल्यात १९५९ साली ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष म्हटलं, सेशन्स जजना ते पटलं नाही म्हणून त्यांनी केस हायकोर्टाकडे पाठवली, आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी ठेवलीच नाही. आपल्याकडे त्याच संहितेचं कलम ३११ (१ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, ३४८) सरळ 'कोणत्याही टप्प्यावर' म्हणतं. निकाल सुनावेपर्यंत साक्षीदार बोलावता येतो, सुप्रीम कोर्टाने मोहनलाल शामजी सोनीमध्ये हे १९९१ लाच सांगून ठेवलंय.

आता माझं सगळ्यात नावडतं वाक्य: 'न्यायाच्या हितासाठी सदर साक्षीदारास बोलावणे आवश्यक आहे.' बस, अर्ज संपला! अहो, का आवश्यक आहे? तो काय सांगणार आहे?

एका जिल्हा कोर्टात माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो तेव्हाचं सांगतो. हाफ मर्डरची (खुनाच्या प्रयत्नाची) केस, कोयता जप्त, सीए (सरकारी लॅबच्या केमिकल तपासणीच्या) रिपोर्टमध्ये रक्त. बचाव पक्षाने आर्ग्युमेंटमध्ये बरोबर बोट ठेवलं की मुद्देमाल पोलीस ठाण्यातून लॅबला नेणारा हवालदार तपासलाच नाही, मग सील शाबूत होतं कशावरून? पुढच्या तारखेला सरकार पक्षाचा दोन ओळींचा अर्ज. समोरच्यांचा से (लेखी म्हणणं) आला: त्रुटी भरून काढायचा प्रयत्न, नामंजूर करा. जजसाहेबांनी एकच विचारलं, 'या हवालदाराचा जबाब चार्जशीटला आहे का?' पानं उलटायला सुरुवात झाली, शेजारचा कारकून बघतोय, पीपीसाहेब (सरकारी वकील) बघतायत, सापडेना. अर्ज फेटाळला. आणि जबाब होता! मुद्देमाल पावतीच्या मागेच लावलेला, जेवणाच्या सुट्टीत सापडला. फेटाळलेला अर्ज तेच कोर्ट पुन्हा कशाला उघडेल, म्हणून हायकोर्टात जावं लागलं, आणि तेवढा काळ आरोपी आत.

राजेंद्र प्रसाद (१९९९) मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की सरकारी वकिलाच्या नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट म्हणजे खटल्यातली मूळ त्रुटी नव्हे, चूक दुरुस्त करू द्यावी. पण ही नजरचूकच आहे हे अर्जात दिसायला नको का? मी असा अर्ज लिहिताना आधी साक्षीदाराचा जबाब शोधतो, पान नंबर टाकतो, तो कुठल्या मुद्द्यावर बोलणार ते दोन वाक्यात लिहितो आणि आधी का तपासला नाही ते खरं खरं लिहितो. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी खटल्यावरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातला परिच्छेद चिकटवणं सगळ्यात शेवटी. हल्ली उलटं चालतं, आधी मोबाईलवरून चार सायटेशन कॉपी पेस्ट आणि चार्जशीट वाचायला वेळ नाही.

बचाव पक्षातल्या नव्या वकिलांसाठी: वकील बदलला म्हणून सगळे साक्षीदार पुन्हा उलटतपासाला मागू नका. दिल्लीच्या शिवकुमार यादव केसमध्ये १३ साक्षीदारांना परत बोलवायची हायकोर्टाने दिलेली परवानगी सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केली.

सीडी, सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं ६५ब सर्टिफिकेट (जुन्या पुरावा कायद्याचं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३) राहिलंय म्हणून हातपाय गाळू नका. अर्जुन खोतकर निकाल (२०२०) वाचा, जालन्याच्या निवडणुकीवरून झालेला. खटला चालू असेतो ते आणायला कोर्ट परवानगी देऊ शकतं, फक्त आरोपीचं नुकसान होता कामा नये.

अर्ज मंजूर झाला की लोक पेढे वाटल्यासारखे खूष होतात आणि ३१३ (बीएनएसएसमध्ये ३५१, पुराव्यावर आरोपीला प्रश्न विचारून त्याचं म्हणणं घेणं) विसरतात. नवीन साक्षीत आरोपीविरुद्ध काही आलं तर त्यावर त्याला पुन्हा प्रश्न विचारायलाच हवेत, आणि त्याला बचावाचा साक्षीदार द्यायचा असेल तर तीही संधी. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) हे आलं नाही तर अपिलात पहिला मुद्दा हाच निघतो.

आणि अर्ज फेटाळला तर रिव्हिजन (वरच्या कोर्टात फेरतपासणीचा अर्ज) टाकू नका, सेतुरामन (२००९) नुसार हा अंतरिम आदेश आहे, रिव्हिजन चालत नाही. हायकोर्टात रिट किंवा ४८२ (हायकोर्टाचे अंगभूत अधिकार), बीएनएसएसमध्ये ५२८.