पावसाळ्यात ढाबळीतलं पाण्याचं भांडं रोज वाळवा

आषाढ सरत आला की मला कबुतरं पाळणाऱ्यांचे फोन यायला लागतात. पाखरू दाणा उचलतं आणि टाकून देतं, पिल्लू तोंड उघडं ठेवून बसलंय, विष्ठा हिरवी पातळ झालीय. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो : पाण्याचं भांडं शेवटचं कोरडं कधी झालं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "रोज पाणी बदलतो की." पाणी बदलणं वेगळं आणि भांडं कोरडं करणं वेगळं. ह्या एका फरकापायी चांगल्या वाणाची, लांब पल्ल्यावरून घरी आलेली शर्यतीची होमर कबुतरं मी हातात मरताना पाहिली आहेत.

कोंबडी चोचीत घोटभर पाणी घेऊन मान वर करते आणि गिळते. कबूतर तसं पीत नाही. ते चोच नाकपुडीपर्यंत बुडवून सलग ओढून पितं. त्यामुळे घशातली लाळ, चिकटा आणि त्यातले जंतू थेट भांड्यात उतरतात, आणि पुढचं पाखरू तेच ओढून घेतं. कँकर म्हणजे घशात पिवळी गाठ येण्याचा आजार, त्याचा सूक्ष्मजीव ट्रायकोमोनास ह्याच वाटेने ढाबळभर फिरतो. वरवर धडधाकट दिसणाऱ्या पुष्कळ पाखरांच्या घशात तो आधीच असतो. ओलाव्यात तो तग धरतो, वाळला की मरतो. म्हणून म्हणतो, भांडं वाळवा.

गेल्या श्रावणात मिरजेजवळच्या एका ढाबळीत गेलो होतो. चाळीसेक पाखरं, सांभाळणारा कॉलेजात जाणारा पोरगा, जीव लावणारा. त्याने आठ-नऊ दिवसांचं पिल्लू माझ्या हातात दिलं. चोच उघडली तर घशात हरभऱ्याच्या डाळीएवढी पिवळी गाठ, खव्यासारखी भुसभुशीत, आणि कुजका वास. भांडं कुठंय विचारलं. बसायच्या फळीच्या बरोबर खाली. वरून पाणी नितळ होतं, पण आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत थर बोटावर आला. कोनाड्यात सात बाटल्या-पुड्या मांडलेल्या. "काका, ह्या महिन्यात साडेतीन हजारांचं औषध घातलं," तो म्हणाला. ते सगळं औषध त्याच बुळबुळीत भांड्यात गेलं होतं. त्या आठवड्यात त्याची सहा पिल्लं गेली.

दुकानदार तुम्हाला 'थ्री इन वन', 'फोर इन वन' अशा पुड्या देईल. कँकर, रक्ती हगवण, ई-कोलाय, सगळ्यावर एकच पुडी, महिनाभर पाण्यात घाला म्हणेल. घेऊ नका. पावसाळी गारव्यात पाखरू पाणीच कमी पितं, आणि आजारी पाखरू सगळ्यांत कमी पितं. म्हणजे ज्याला औषध हवं त्याच्या पोटात ते पोचतच नाही. बाकीच्यांच्या पोटात रोज थोडं थोडं जातं, आणि जंतू त्या औषधाला सरावतात. पुढे शर्यतीच्या दिवसांत खरोखर गरज पडते तेव्हा ते लागू पडत नाही. आजारी पाखराला औषध तोंडानेच द्या, मोजून द्या.

भांड्याचं काम साधं आहे. दोन सारखी भांडी घ्या, स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची. मातीचं पसरट भांडं उन्हाळ्यात चांगलं, पावसाळ्यात ते ओल धरतं आणि वाळतच नाही. आज एक भांडं ढाबळीत, दुसरं घरात कोरडं. संध्याकाळी पाखरं फळीवर बसली की भांडं बाहेर काढा, रात्री त्यांना पाणी लागत नाही. काथ्याने घासून बुळबुळीत थर पूर्ण काढा. थर तसाच ठेवून ब्लीचिंगचं पाणी ओतलं तर वरचं मरतं, आतलं राहतं. आधी घासणं, मग पंधरा-वीस मिनिटं ब्लीचिंगच्या पाण्यात, मग खळखळून धुणं, फडक्याने पुसणं आणि उपडं ठेवणं. ऊन नसलं तरी चुलीजवळ, पंख्याखाली वाळतं. पहाटे दुसरं भांडं भरून ठेवा. पिल्लांना चारणारी जोडी उजाडताच पाणी शोधते, तेव्हा उशीर करू नका. भांडं दोन विटांवर ठेवा, वर झाकण असू द्या, आणि फळीखाली कधीही नको.

तरीही कँकर झालाच तर मेट्रोनिडाझोल चालतं. साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच्या पाखराला २५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ५ दिवस. २०० मिलिग्रॅमची गोळी बारीक कुटून ८ मिली पाण्यात मिसळा आणि दर वेळी हलवून त्यातलं १ मिली द्या. अर्धवट वाढलेल्या पिल्लाला निम्मं. पहिल्यांदा देताना पशुवैद्यकाला विचारून घ्या, कारण जास्त झालं की पाखरू झोकांड्या खातं. सुई काढलेली सिरिंज चोचीच्या कडेने आत घाला. जिभेच्या मुळाशी श्वासनळीचं तोंड असतं, औषध तिथे गेलं तर पाखरू हातात गुदमरतं. एकाला कँकर दिसला तर जोडीदारालाही द्या, शक्यतो सगळ्या ढाबळीला एकाच वेळी. आणि घशातली गाठ काडीने खरवडू नका. रक्त सुटलं की पाखरू दगावू शकतं. मी हे दोनदा बघितलंय, दोन्ही वेळा खरवडणारा जुना जाणता माणूस होता.

कबुतरांच्या देवीतही तोंडात पिवळे चट्टे येतात, त्यामुळे गफलत होते. पापणीवर, चोचीच्या मुळाशी, पायावर चामखिळीसारखे फोड असतील तर ती देवी. ती डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यातच जास्त. ढाबळीच्या जाळीवर बारीक डासजाळी मारा, आसपासची टायर-डबडी पालथी घाला. फोड फोडायचे नाहीत, बीटाडीन लावायचं. बाहेरची देवी तीन-चार आठवड्यांत सुकून पडते. त्यावर महागडी अँटिबायोटिक विकत घेण्याचं कारण नाही. जखम चिघळली तर गोष्ट वेगळी.

ओलीचा दुसरा आजार रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. पाखरू फुगून बसतं, छातीचं हाड हाताला लागतं, विष्ठा पातळ. विष्ठेतून पडलेली अंडी ओलाव्यात आणि उबेत एक-दोन दिवसांत पिकतात, मगच दुसऱ्या पाखराला लागण करतात. म्हणून विष्ठा चोवीस तासांच्या आत खरवडली तर साखळी तुटते. पावसाळ्यात फरशी पाणी ओतून धुऊ नका, कोरडीच खरवडा. औषध लागलं तर हे एक पाण्यातून : अँप्रोलियमची २० टक्के पावडर, १ लिटर पाण्याला १ ग्रॅम, ५ दिवस, पाणी रोज नवं. हे देताना बी-कॉम्प्लेक्स बंद. अँप्रोलियम बी-१ जीवनसत्त्वाला आडवं जाऊनच काम करतं. वर 'ताकदीचं टॉनिक' घातलं की औषध वाया जातं. दोन्ही एकाच वेळी हातात ठेवणारे दुकानदार मला भेटले आहेत.

जंताच्या औषधाबद्दल कळकळीने सांगतो. शेळीला देता ते अल्बेंडाझोल कबुतराला देऊ नका, फेनबेंडाझोलही नको. ह्या दोन्हींनी कबुतरांच्या हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा बिघडल्याची उदाहरणं आहेत, आणि पंखझडीत दिलं तर नवी पिसं वाकडी येतात. आयव्हरमेक्टिनचं एक टक्का इंजेक्शनही 'एक थेंब चोचीत' असं सर्रास देतात. डोस आहे किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाखराला ९० च्या आसपास. त्या एका थेंबात ५०० पर्यंत असतं, पाच पटीहून जास्त. ते पातळ कसं करायचं हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. त्याआधी विष्ठा तपासा. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शक असेल तर काम तिथेच होतं. नाहीतर सातारा-पुण्याकडच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईकरांना परळचं.

भाद्रपद संपेपर्यंतची नेहमीची कामं :

– विष्ठा रोज सकाळी कोरडी खरवडणे
– छताची गळती बंद, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, वरची फट उघडी
– दाणा पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून वर
– ग्रिट (खडी-शिंपल्यांचा चुरा) आठवड्याला नवं, भिजलं की टाकणे
– आंघोळ फक्त उघडीप असेल त्या दिवशी, दुपारच्या आत
– पंखांखाली उवा, पिसोळ्या बघणे
– नवीन किंवा भटकून आलेलं पाखरू ३ ते ४ आठवडे वेगळं, त्याचं भांडंही वेगळं
– खरवडताना तोंडाला मास्क

हा पंखझडीचा काळ. पंखाची दहा मोठी पिसं एकेक करून गळतात, नवी येतात. जे पीस वाढत असताना पाखरू आजारी पडतं त्या पिसावर आडवी रेघ राहते आणि हिवाळी शर्यतीत ते तिथेच मोडतं. मका, ज्वारी, वाटाणा, मूग ह्यांच्यात थोडी करडई आणि जवस वाढवा. बुरशीचा वास येणारा मका फेकून द्या, उन्हात वाळवला तरी त्यातलं विष जात नाही. महागड्या 'मोल्ट' म्हणजे पंखझडीच्या तेलाच्या बाटलीपेक्षा मूठभर जवस मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक माझा अंदाज, पुस्तकात सापडणार नाही. पावसाची झड लागली की तिसऱ्या दिवशी विष्ठा सैल होते. चांगली विष्ठा गोल, घट्ट, वर पांढरी टोपी, शेजारी एखादं मऊ पीस पडलेलं. ते मऊ पीस दिसेनासं झालं की मी दाण्यावर ठेचलेला लसूण चोळतो, आणि ॲपल सायडर व्हिनेगर लिटरला ५ मिली, दोन दिवस, प्लास्टिकच्या भांड्यात. हे औषध नव्हे. ह्याने कँकर बरा होत नाही. पण भांडं कोरडं ठेवणाऱ्या ढाबळीत एवढ्यावर निभावतं असं मी पाहिलंय.

मान मुरगळणं, दाण्यावर चोच मारताना नेम चुकणं आणि विष्ठेभोवती पाण्याचं थारोळं, ही लक्षणं दिसली तर तो पॅरामिक्सो, कोंबड्यांच्या मानमोडीचा भाऊबंद. त्यावर औषध नाही. पाखरू वेगळं काढा, खोल वाटीत दाणा द्या, दीड-दोन महिने सांभाळा, पुष्कळ सावरतात. लस आधीच टोचलेली हवी आणि तिचा जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा गणपतीपर्यंत निर्णय घ्या. कोंबड्यांची कुठलीही लस मनाने टोचू नका, कुठली आणि किती हे पशुवैद्यकालाच ठरवू द्या. पंख लोंबणं आणि सांधा सुजणं हा साल्मोनेला जंतूचा आजार असू शकतो. त्यावर अंदाजाने एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी विष्ठेचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून तपासणी, करून घ्या. आजारी पाखरांचं भांडं चुकूनही मोठ्या ढाबळीत नेऊ नका, घासायचा काथ्याही वेगळा ठेवा.

पाखराच्या एका डोळ्यातून पाणी, शिंका, आणि घरातल्या कुणाला ताप-खोकला असेल तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आवर्जून सांगा. पाखराचा हा आजार, ऑर्निथोसिस, माणसाला लागतो. त्यावर पाखराला डॉक्सिसायक्लिन चालू असेल तोवर ग्रिट काढून ठेवा, त्यातला चुना औषध बांधून ठेवतो.

एका दिवसात तीन-चार पाखरं पटापट मेली तर घरी चिरून बघू नका. हातमोजे घाला, दोन पिशव्यांत बांधा, बर्फात ठेवा पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्याला कळवा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिथे जाऊ शकतो. त्या दिवसापासून निकाल येईपर्यंत ढाबळीत जाताना चपला वेगळ्या घाला, पाखरू विकू नका, कुणाला देऊ नका.