आदिवासी भागात पोस्टिंग: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

गडचिरोली, मेळघाट नाहीतर नंदुरबारमधल्या धडगावला पहिल्यांदा कम्युनिटी पोस्टिंगला निघालेल्या मुलींच्या बॅगेत सहसा काही कमी नसतं. बीपीचं यंत्र, वजनकाटा, रजिस्टर, सगळं जागच्या जागी. गडबड होते ती दारात पोचल्यावर.

पहिली चूक वेळेची. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटेच मोह वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता, पाऊस लागला की भाताची रोवणी. आपण अकराला पोचतो, रिकामं अंगण बघतो आणि रजिस्टरमध्ये ‘सहकार्य मिळाले नाही’ असं लिहून मोकळ्या होतो. आशाताईला आदल्या दिवशी विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं की बाया घरी कधी सापडतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माडिया, कोरकू, पावरी या भाषा आपल्याला येत नाहीत. मग घरातला शाळकरी पोरगा दुभाषा होतो. मी एका बाईला तिच्याच दहा वर्षांच्या मुलाकडून पाळीबद्दल विचारलं. ती हसली आणि आत निघून गेली. मी लिहिलं, ‘तक्रार नाही’. दोन दिवसांनी तीच बाई आशाताईला घेऊन आली, अंगावरून जाण्याचा त्रास कित्येक महिन्यांचा होता. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तेव्हा ‘काही नाही’ हे उत्तर कानावर आलं की आधी बघा, प्रश्न कोणासमोर आणि कोणाच्या तोंडून विचारला गेला. दुभाषी बाईच हवी.

पुजारी, भगत, भुमका (गावातले पारंपरिक उपचार करणारे, भागाप्रमाणे नाव बदलतं) यांचं नाव निघालं की आपल्या कपाळावर आठी येते. ती आठी दिसली की पुढची माहिती बंद. सरळ विचारा: त्यांनी काय दिलं, कधी दिलं, किती दिवस झाले? पोटात कोणती मुळी गेली हे डॉक्टरांना कळायलाच हवं. मनगटावरचा दोरा सलाईन लावताना आड येत असेल तर कात्री चालवू नका. विचारून वर सरकवा. मात्र मेळघाटात बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके दिसले, तर तिथे ‘संस्कृती’ म्हणून गप्प बसायचं नाही. बाळ त्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेलं पाहिजे. आईला झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती बाळ लपवेल.

कुर्माघराबाहेर (पाळीच्या दिवसांत बायांनी राहायची वेगळी झोपडी) उभं राहून अंधश्रद्धेवर भाषण देणं हीही आपली आवडती चूक. आत असलेल्या बाईला ताप आहे का, रक्तस्राव किती, रात्री सोबत कोण, हे आधी विचारा. तिथे जाऊनही तपासता येतं.

लोहाच्या गोळ्या उशाखाली सापडल्या? शी काळी होते हे बहुतेक कोणी सांगितलेलं नसतं. तेवढं सांगितलं की बऱ्याच जणी गोळ्या पुन्हा सुरू करतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत तर जपूनच. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे निदान झालं असं धरू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची चाचणी झाल्यावरच एएस की एसएस ते ठरतं. एएस म्हणजे वाहक, त्याला पेशंट म्हणून वागवू नका. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार; अशा मुलाला ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच पाठवा. आणि आश्रमशाळेत रांगेत उभं करून निकाल मोठ्याने वाचू नका. एका मुलीचं नाव असं वाचलं गेलं, की तिच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत ते पोचतं. निकाल तिला आणि घरच्यांना बाजूला बसवून सांगा, तोही त्यांच्या भाषेत बोलणारी बाई सोबत घेऊन.