ॲपइमेज उघडतच नाही? लिनक्सवर या चुका टाळा

एकच फाइल उतरवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची आणि डबल-क्लिक करायचं. ॲपइमेज म्हणजे अख्खा प्रोग्राम एकाच फाइलमध्ये देण्याची लिनक्सवरची पद्धत, आणि तिच्यात खरं तर इतकंच काम आहे. म्हणूनच ते बिनसलं की गोंधळ उडतो: डबल-क्लिक केलं, काही उघडलं नाही, एररही दिसली नाही. अशा वेळी इंटरनेटवर सापडलेला पहिला उपाय आंधळेपणाने चालवू नका. टर्मिनल उघडा, फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा, डॉट आणि स्लॅश देऊन लगेच फाइलचं नाव लिहा आणि एंटर दाबा. डबल-क्लिक करताना न दिसलेला एरर मेसेज इथे समोर येतो. पुढचं सगळं त्या एका ओळीवर ठरतं. (खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.)

परवानगी दिली, तरीही ‘परमिशन डिनाइड’

ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला एक्झिक्यूट परवानगी नसते. ग्नोम या डेस्कटॉपवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज आणि ‘एक्झिक्यूटेबल ॲज प्रोग्राम’ चालू करा. केडीई या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये हीच सोय परमिशन्स टॅबमध्ये आहे. टर्मिनलवर ‘सीएचमॉड यू+एक्स’ आणि फाइलचं नाव पुरतं. ‘७७७’ देऊ नका. त्याने त्या संगणकावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला तुमची फाइल बदलण्याचा हक्क मिळतो.

फाइल पेनड्राइव्हवर असेल तर वेगळंच घडतं. फॅट३२ या फाइलसिस्टीममध्ये (फाइली साठवण्याच्या रचनेत) लिनक्सच्या परवानग्या साठवायला जागाच नसते. ड्राइव्ह माउंट होताना, म्हणजे सिस्टीमला जोडताना, त्या एकदाच ठरतात. बहुतेक डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह माउंट करणारी यूडिस्क्स ही सेवा फॅट३२साठी ‘शोएक्झेक’ हा पर्याय लावते. त्यामुळे फक्त ईएक्सई, कॉम आणि बॅट या एक्स्टेन्शनच्या फाइलींनाच चालण्याची परवानगी मिळते. ‘सीएचमॉड’ तक्रार न करता संपतं, परवानगी मात्र जशीच्या तशी राहते. उपाय सरळ आहे: फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून चालवा. होममधल्या ‘ॲप्लिकेशन्स’ नावाच्या फोल्डरात सगळ्या ॲपइमेज एकत्र ठेवणं सोयीचं पडतं. दुसऱ्या पार्टिशनवरून चालवायचीच असेल, तर ‘माउंट’ कमांडच्या उत्तरात त्या पार्टिशनपुढे ‘नोएक्झेक’ (इथून प्रोग्राम चालवायला मनाई) आहे का ते आधी पाहा.

फ्यूजची अडचण, आणि एक धोकादायक उपाय

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून आत काय चालतं ते समजून घेऊ. ॲपइमेजच्या सुरुवातीला छोटा रनटाइम, म्हणजे बाकीचं सुरू करून देणारा प्रोग्राम, असतो आणि त्यामागे स्क्वॅशएफएस प्रकारात दाबून बसवलेली अख्खी फाइलसिस्टीम. तुम्ही फाइल चालवली की रनटाइम ती फाइलसिस्टीम टेम्प फोल्डरखाली माउंट करतो, आतला ‘ॲपरन’ सुरू करतो आणि प्रोग्राम बंद झाल्यावर माउंट काढून टाकतो. या माउंटसाठी फ्यूज, म्हणजे साध्या वापरकर्त्याला फाइलसिस्टीम माउंट करू देणारी लिनक्सची सोय, लागतं.

बऱ्याच ॲपइमेजमधल्या जुन्या रनटाइमला फ्यूजची दुसरी आवृत्ती हवी असते, आणि उबंटू २२.०४पासून ती आपोआप येत नाही. मग ‘लिबफ्यूज.एसओ.२’ लोड झाली नाही, असा मेसेज येतो. उबंटू २२.०४वर ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज बसवा. २४.०४वर त्याचंच नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ झालं आहे. फेडोरावर ‘फ्यूज-लिब्स’, तर आर्चवर ‘फ्यूज२’.

धोका नावातल्या सारखेपणात आहे. उबंटू २२.०४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज बसवू नका. ते ‘फ्यूज३’ काढून टाकतं आणि त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे महत्त्वाचे भागही सोबत जाऊ शकतात. पॅकेज बसवताना ‘ही पॅकेजेस काढली जातील’ अशी यादी दिसली, तर तिथेच थांबा आणि ‘नाही’ म्हणा. ही यादी न वाचता ‘वाय’ दाबण्याची सवय ॲपइमेजपुरतीच नव्हे, कुठेही घातक आहे.

नव्या रनटाइममध्ये फ्यूजची लायब्ररी आतच जोडलेली असते. त्याला फक्त ‘फ्यूजरमाउंट’ हा छोटा प्रोग्राम लागतो. एकाच संगणकावर एक ॲपइमेज बिनबोभाट चालते आणि दुसरी अडते, ते बरेचदा यामुळेच.

कंटेनरमध्ये (मुख्य सिस्टीमपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात), किंवा पॅकेज बसवण्याचा अधिकार नसलेल्या संगणकावर, फाइलच्या नावानंतर ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ द्या. ‘स्क्वॅशएफएस-रूट’ हा फोल्डर तयार होतो; त्यातला ‘ॲपरन’ चालवा. ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ हे दोन्ही एका दमात करतं, पण मोठा प्रोग्राम असेल तर सुरू व्हायला वेळ घेतं. रोज वापरायचा असेल तर एकदाच उलगडून ठेवलेला बरा.

सँडबॉक्सची एरर

उबंटू २४.०४वर इलेक्ट्रॉनवर (क्रोमियम ब्राउझर आत घेऊन डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनावर) बांधलेली ॲप्स ‘सुइड सँडबॉक्स हेल्पर’ नीट बसवलेला नाही, असं सांगून बंद पडतात. या आवृत्तीपासून साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामना यूजर नेमस्पेस (प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा) उघडण्यावर ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेने बंधन घातलं आहे आणि क्रोमियमच्या सँडबॉक्सला, म्हणजे ॲपला बंदिस्त ठेवणाऱ्या कुंपणाला, नेमकी तीच लागते. ‘--नो-सँडबॉक्स’ दिलं की ॲप उघडतं, हे खरं. पण इंटरनेटवरचा मजकूर दाखवणाऱ्या ॲपची संरक्षक भिंतच त्याने पाडली जाते. कारण तपासायला एकदा वापरा, कायमचं ठेवू नका. योग्य मार्ग म्हणजे त्या एका फाइलच्या पूर्ण पत्त्यासाठी ॲपआर्मर प्रोफाइल लिहून तिला ‘यूजरएनएस’ची परवानगी देणं. हे बंधन सगळ्या सिस्टीमसाठी बंद करण्याचा सल्लाही दिला जातो. एका ॲपसाठी तो मानू नये.

सुडो लावून पाहणं

काही चालेना की कमांडच्या आधी सुडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवण्याची सोय) जोडण्याचा मोह होतो. वरच्या एकाही अडचणीवर तो उपाय नाही. उलट सेटिंग्ज रूटच्या होममध्ये तरी जातात, नाहीतर तुमच्या होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात. मग साध्या पद्धतीने उघडल्यावर ॲपला स्वतःच्याच सेटिंग्ज लिहिता येत नाहीत. असं झालं असेल तर ‘सीएचओन’ने त्या फाइलींची मालकी स्वतःकडे घ्या. फ्यूजने केलेलं माउंट ज्याने केलं त्यालाच दिसतं, एरवी रूटलाही नाही. आतून पासवर्ड मागून रूट म्हणून काम करू पाहणारी डिस्क लिहिण्याची काही ॲप्स यामुळेच अडतात.

प्रोसेसर आणि जीलिबसी

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर ‘यूनेम -एम’ चालवा. उत्तर ‘एआर्च६४’ (एआरएम प्रोसेसर) असेल तर एक्स८६_६४ची (इंटेल-एएमडी प्रोसेसरची) फाइल तुमच्यासाठी नाही. ‘जीलिबसी’ या सिस्टीमच्या मूळ लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही, असं आलं तर ॲप तुमच्या वितरणापेक्षा नव्या सिस्टीमवर बांधलेलं आहे. उबंटू २०.०४वर २.३१ आहे, २२.०४वर २.३५. ॲपची जुनी आवृत्ती घ्या किंवा सिस्टीम अपग्रेड करा. जीलिबसी बाहेरून आणून बदलू नका. जवळजवळ प्रत्येक कमांड तिच्यावर उभी आहे.

मेनूत दिसत नाही, सेटिंग्ज सोबत येत नाहीत

ॲपइमेज ‘इन्स्टॉल’ होत नसल्याने मेनूत आपोआप येत नाही. गिअर लिव्हरसारखं साधन हे काम करतं. हाताने करायचं तर होममधल्या ‘.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये डेस्कटॉप फाइल (मेनूतली नोंद) लिहा. नेहमीची चूक ‘एक्झेक’ ओळीत होते: तिथे होमसाठीचं टिल्ड चिन्ह चालत नाही, पूर्ण पत्ता हवा, आणि पत्त्यात स्पेस असेल तर तो अवतरणचिन्हांत. फाइलच्या नावातून आवृत्तीचा आकडा काढून टाका, म्हणजे नवी फाइल त्याच नावाने ठेवली की शॉर्टकट तुटत नाही.

‘पोर्टेबल’ म्हटलं तरी सेटिंग्ज मुळात होममधल्या ‘.कॉन्फिग’मध्येच जातात. त्या सोबत न्यायच्या असतील तर फाइलच्या शेजारी तिच्याच पूर्ण नावाच्या शेवटी ‘.होम’ जोडून फोल्डर करा, किंवा ‘--ॲपइमेज-पोर्टेबल-होम’ एकदा चालवा. जुन्या सेटिंग्ज आपोआप त्यात जात नाहीत, कॉपी कराव्या लागतात. शिवाय त्या ॲपसाठी ‘होम’ म्हणजे आता हा नवा फोल्डर, त्यामुळे फाइल सेव्ह करताना नेमकी कुठे जाते आहे ते बघा.

आणि एक. ॲपइमेजला स्वतःचा सँडबॉक्स नसतो; ती तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालते. म्हणून फाइल मूळ प्रकल्पाच्याच पानावरून घ्या आणि तिथे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) दिला असेल तर ‘एसएचए२५६सम’ने जुळवा. अर्धवट उतरलेली फाइलही यात लगेच पकडली जाते. अपडेटसाठी आधी ‘--ॲपइमेज-अपडेटइन्फो’ देऊन पाहा. माहिती दिसली तर ‘ॲपइमेजअपडेट’ झेडसिंकच्या मदतीने फक्त बदललेले तुकडे उतरवू शकतं. रिकामं उत्तर आलं तर नवी फाइल स्वतःच आणावी लागेल.